गजभिये काकांचा उशिरा येणारा आवाज

काकांनी बटण दाबलं आणि आम्ही सगळे थांबलो. लॅपटॉपच्या आत कटकट झाली. काकू वैतागून म्हणाल्या, "राहू द्या, मी सांगते बेटीला." त्यांनी काकांचं आजारपण सांगायला घेतलं आणि मग कुठे लॅपटॉपमधून काकांचा आवाज आला, "जय भीम, बेटा." मीही जय भीम म्हटलं, पण ती वेळ निघून गेली होती.

सदर भागात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गजभिये काका निवृत्त शिक्षक. घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी घरातली रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात, मराठीत रेकॉर्ड केली. एका प्रोग्राममध्ये प्रत्येक वाक्याचं एक बटण. बटण दाबलं की काका बोलायचे. आता मात्र ते बोलेपर्यंत समोरचा माणूस स्वयंपाकघरात गेलेला असायचा.

सुटीवर आलेला त्यांचा मुलगा प्रशांतही दुकानात सोबत होता. त्याने खिशातून एक छोटी पट्टी काढली. "दीदी, ही एनव्हीएमई. सगळ्यात फास्ट. लावून टाका."

मी लॅपटॉप उघडला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक काटा तिच्यावरचं वाचतो. ही डिस्क म्हातारी झाली होती, एकेक गोष्ट शोधत बसायची. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती पटकन देते. एनव्हीएमई ही तिच्यातलीच सर्वांत वेगवान जात. पण तिला लागणारी खाचच या लॅपटॉपमध्ये नव्हती.

"मग नवाच घ्या," मीच म्हटलं. दुकानातल्या नव्या लॅपटॉपवर काकांचा प्रोग्राम टाकून पाहिला. उघडेना. तो जुन्या विंडोजसाठी बनलेला, बनवणारी कंपनी बंद पडलेली. आणि नमुन्याला काढलेल्या त्याच्या दोन आवाजाच्या फाइली दुसरा कुठलाच प्रोग्राम घेईना.

प्रशांत म्हणाला, "जाने दो ना बाबा. नव्यात हिंदी आवाज येतो, फटाफट बोलता है."

काकांनी आपला लॅपटॉप ओढला आणि टाइप केलं, "घरात मी हिंदी बोलत नाही."

उरला एकच रस्ता. साटाची एसएसडी, म्हणजे जुन्या जोडणीत बसणारी. एनव्हीएमईपेक्षा बरीच हळू. प्रशांतचं तोंड उतरलं. "स्लो काहून घ्यायची?"

"भैया, वाक्य वाजवायचं आहे, पिक्चर नाही बनवायचा. याला ही पुरून उरते."

पण खरी भीती वेगळीच होती. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवायची, त्याला क्लोन म्हणतात. त्यासाठी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. कटकट करणारी डिस्क तेवढा दम धरेलच असं नाही. मी लपवलं नाही. "मध्येच बसली तर काकांचा आवाज गेला. सगळा."

काकू खुर्चीतून उठल्याच. "नको बाई! हातचं सोडून पळत्याच्या पाठी काहून लागायचं? उशिरा तर उशिरा. मला चालते."

काकांनी लॅपटॉप पुढ्यात घेतला. मग सावकाश टाइप केलं, "तुला चालते. तू थांबतच नाहीस."

काकूंनी ते वाचलं आणि खाली बसल्या. रोज मशिनं खोलते मी, पण नवराबायकोत असं कधी सापडले नव्हते.

काकांनी बटण दाबलं. कटकट झाली. या वेळी कोणी मध्ये बोललं नाही. "करून टाक," लॅपटॉप म्हणाला.

डिस्क तापू नये म्हणून टेबल फॅन तिच्यावर सोडला आणि क्लोन सुरू केला. अर्ध्यावर अडकला. खराब जागा सोडून पुढे जायला लावलं, गिऱ्हाइकांना परत पाठवलं. संध्याकाळी क्लोन झाला. जुनी डिस्क त्यानंतर परत चालू झाली नाही.

काकांनी एकेक बटण तपासलं. काही मुकी निघाली. "प्रशांत, जेवलास का" हे त्यातलं एक. प्रशांतने ते बटण स्वतः पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मग चष्मा काढून पुसत बसला. मला फार वाईट वाटलं, पण डिस्कवर त्या जागी वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

काकू त्याला समजावू लागल्या, "जाऊ दे रे, तुझे बाबा आहेत ना समोर, आणि डॉक्टरही म्हणाले की..."

"थांब जरा. मला बोलू दे."

वाक्य तोडून आला काकांचा आवाज. खणखणीत, वर्गात पोरांना गप्प करणारा. काकूंचा हात तोंडावर गेला. डोळे वाहू लागले, आणि वरून रागही आला होता त्यांना.

"बोला," त्या म्हणाल्या. "बोला, थांबले मी."

आजही गिऱ्हाईक एसएसडीच्या खोक्यावरचा स्पीडचा आकडा दाखवतं. मी आधी विचारते, लॅपटॉप कोणता आहे, आणि वाट कोण पाहून राहिलं आहे.