बॉक्सरचा पिक्चर आणि तालमीचा कट्टा

एक पिक्चर बघून दहा जण बाहेर पडले की बारा पिक्चर तयार होतात, हे मी आमच्या बेळगावात, खासबागच्या तालमीच्या कट्ट्यावर शिकलो. तिथं बसायला कुस्ती यावी लागत नाही, मत असावं लागतं. मी बँकेत कारकून, माझ्याकडे दुसरं काही नाहीच!

मध्यंतरी एका बॉक्सरचा पिक्चर लागला. खऱ्या माणसाच्या आयुष्यावरचा म्हणे. पठ्ठ्या रिंगमध्ये जिंकतो, बाहेर दारूपुढे हरतो, संसार मोडतो, आणि शेवटी बायको त्याला माफ करते. आख्खा कट्टा बघून आला. पिक्चर हिंदी, खालची अक्षरं इंग्रजी, तिकीटवाला कन्नड, आणि पॉपकॉर्नचा भाव ऐकून निघालेल्या शिव्या तेवढ्या अस्सल मराठी!

*

आमच्या बाबू वस्तादांची हयात पोरांना कुस्ती शिकवण्यात गेली. पहिल्याच फाइटमध्ये हिरो ठोसा खाऊन उताणा पडला. वस्तादांनी लगेच चपला पायांत सरकवल्या.

"चला रं, पाठ टेकली. संपली कुस्ती!"

मी त्यांना ओढून खाली बसवलं. पडद्यावर पंच आकडे मोजायला लागला.

"ह्यो काय मोजालाय?"

"वस्ताद, दहाच्या आत उठला तर चालतंय."

"पडलेल्याला उठाय टायम देत्यात व्हय? मग आमी जल्मभर काय येडे हुतो?"

मागून कुणीतरी कन्नडमध्ये गप्प बसायला सांगितलं. वस्तादांनी त्याला कन्नडमध्येच उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही.

*

आप्पासाब निपाणीचे, जैन, तंबाखूचे व्यापारी. कामाला बेळगावात आले की चहा आमच्या कट्ट्यावर. पिक्चरमध्ये नाकं फुटत होती, रक्त उडत होतं, आणि हे मजेत चिवडा खात होते. मग हिरोनं ग्लासात कच्ची अंडी फोडून घेतली. आप्पासाबांनी डोळे घट्ट मिटले.

"आप्पासाब, रक्त चाललं आन् अंडी चालंनात व्हय?" वस्तादांनी विचारलं.

"रक्त खोटं असतंय हो," ते डोळे न उघडता म्हणाले. "अंडी खरीच की!"

*

कडोलीच्या मास्तरांच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, त्यामुळे ते चहा मागतात तोही अध्यक्षीय थाटात. "हा बॉक्सर म्हणजे स्वतःशीच लढणारा आधुनिक माणूस आहे!" इथून जी सुरुवात झाली ती थांबेचना. शेवटी वस्तादांनी विचारलं, "मास्तर, इंटरव्हलनंतर त्येची आई मरत्या, ते कसं वाटलं?"

"अप्रतिम! डोळ्यांत पाणी आलं."

"पिक्चरमदी आईच न्हाय!"

मास्तरांनी शांतपणे चहा संपवला आणि ते दिग्दर्शनाकडे वळले.

*

आता परशाअण्णा. एकेकाळी जत्रेतली मोठमोठी मैदानं मारलेला पैलवान. मग बाटलीनं त्यांना मारलं. त्यांच्या बायकोनं, सुशीलाक्कांनी, एक दिवस त्यांची ट्रंक रस्त्यात आणून ठेवली. तेव्हापासून अण्णा तालमीच्या मागच्या खोलीत राहतात आणि आक्का समोरच पिठाची गिरण चालवतात. अण्णांनी दारू सोडलीय, बरेच महिने झाले. आता त्यांना फक्त घरी जायचंय. पण आक्कांना विचारायची छाती नाही!

म्हणून अण्णांनी तो पिक्चर पुन्हा पुन्हा बघितला आणि रोज गिरणीकडे तोंड करून मत द्यायला सुरुवात केली. "बायकू असावी तर असली! काय तिचं मन!"

गिरण चालूच.

"किती बी चुकला तरी पदरात घेतलं!"

गिरण थांबली. आक्का पिठानं भरलेल्या हातांनी दारात आल्या. "हळू बोला. गिऱ्हाइकाचं ऐकू येईना झालंय."

आणि गिरण पुन्हा सुरू.

*

मग वस्तादांनी डाव टाकला. "आक्कालाच दाखवूया पिक्चर. बाईमाणूस हाय, शेवटाला रडणार. रडली की अण्णा घरात!"

रविवारी आख्खा कट्टा आक्कांना घेऊन गेला. त्या यायला तयार कशा झाल्या, ते त्यांनाच ठाऊक. अण्णा नवा शर्ट घालून दोन खुर्च्या सोडून बसले. शेवटी बायको धावत रिंगमध्ये शिरली आणि वस्ताद रडले, आप्पासाब रडले, मास्तर तर पिक्चर पहिल्यांदाच बघत असल्यामुळे फारच रडले. आक्का पिशवीत लपवून आणलेल्या शेंगा सोलत होत्या.

बाहेर गाड्यांपाशी सगळे थांबलो. अण्णा नव्या शर्टाची बटणं चाचपत होते. खरं सांगतो, मला त्यांची दया आली. इतका घाबरलेला पैलवान मी आखाड्यातसुद्धा पाहिला नव्हता.

"कसा वाटला पिक्चर?" त्यांनी विचारलं.

"ती बाई त्येला घरी घिऊन गेली, तितंच संपला की," आक्का म्हणाल्या. "फुडचं कुटं दाखवलंय?"

 

आक्कांनी शेंगांची टरफलं झाडली. "उद्या सकाळी गिरणीवर या. पोती उतरायची हैत. परवाबी या. गटारी अमोशेलाबी या. मग सांगीन, पिक्चर कसा वाटला ते!"