मी भरलेला तक्ता

दादा गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही, ती मीच सगळ्यांना कळवली. सांगलीतल्या आयसीयूच्या दाराशी उभी राहून कडेगावला फोन लावला, तेव्हा माझा आवाज इतका शांत होता की चुलतभावाला वाटलं, दादाला घरी सोडलंय म्हणून सांगतेय. उभा जन्म परिचारिका म्हणून काढला की आवाज असा होऊन बसतो.

दादा माझा थोरला भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. नोकरीत पायातले बूट कधी काढले नाहीत आणि स्वतःच्या उसाला पाणी पाजायला मात्र अनवाणी गेला. घोणस चावली. लस वेळेवर मिळाली, रक्त वाहायचं थांबलं, जीव वाचला असं सगळे म्हणाले. मी तसं म्हटलं नाही. घोणशीचं विष मागाहून मूत्रपिंडं धरतं, हे मी वॉर्डात पुष्कळदा पाहिलं होतं.

त्या बाबतीत माझा भारी तोरा होता. लघवीची पिशवी, डोळ्यांखालची सूज, श्वासाचा वास एवढ्यावरून मी सांगायचे, "याला उद्या डायलिसिस लागणार." डॉक्टर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी मशीन मागवायचे. या आयसीयूची इन्चार्ज माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने मला दादाच्या उशाशी बसू दिलं आणि दर तासाला लघवी मोजून लिहायचा तक्ताही माझ्याच हाती दिला. "मॅडम, तुमच्यापेक्षा बरोबर कोण भरणार?" आठ खाटांना दोन पोरी होत्या, त्यांना तरी किती बोलणार?

दुसऱ्या दिवशी पिशवीत कोऱ्या चहासारखं काहीतरी तळाला साठलेलं दिसलं. मी दादाला सांगितलं, मशीन लागेल, पण आठ-पंधरा दिवसच. मग मूत्रपिंडं आपोआप सुरू होतील.

तो छताकडे बघत म्हणाला, "वैजूला बी आसंच सांगितलं हुतंस."

वैजू म्हणजे माझी वहिनी. तिची मूत्रपिंडं साखरेने कायमची गेली होती आणि ते मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. पण ती मशीनला तयार होईना, म्हणून मी ठोकून दिलं, "आठ दिवसांचा प्रश्न आहे, वहिनी." ते आठ दिवस चार वर्षं चालले. आठवड्यातून दोनदा दादा तिला कडेगावहून सांगलीला आणायचा. शेवटी शेवटी ती उंबरा धरून बसायची, "आवं, नगा नेऊ आता..." आणि दादा तिची बोटं एकेक सोडवून तिला गाडीत घालायचा. माझ्या शब्दावर. मी नर्स होते ना!

"दादा, तिचं येगळं हुतं, तुजं येगळं हाय," मी म्हटलं.

"तवा बी हेच तोंड करून बोलली हुतीस." मग त्याने माझं मनगट धरलं. "कागद तूच भरतीस न्हवं? मग भर की, शालन."

जन्मभर हुकूम सोडणारा माणूस पहिल्यांदा काही मागत होता. मोजपात्रात दहा मिली होते, मी ऐंशी लिहिले. पुढच्या तासाला नव्वद. एकच दिवस, तोवर याला पटवते, असं स्वतःला सांगत सुंदर अक्षरात तक्ता भरत गेले. दादा मात्र एकदम खुलला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सियाचीनच्या गोष्टी सांगू लागला. मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. रक्त वाईट सांगत होतं, लघवी चांगलं सांगत होती. ते गोंधळले. "सिस्टर, तुमचा अंदाज काय? लागेल मशीन?"

मी म्हटलं, "नाही लागणार. थांबून बघू."

ते थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचं तोंड सुजलं, धाप लागली. डॉक्टरांनी तक्ता बाजूला टाकला आणि मशीन मागवलं. मानेत नळी घालायची तयारी चालू असतानाच दादाचं हृदय बंद पडलं. लघवी थांबली की रक्तात साठतं ते पोटॅशियम वाढलं होतं. ते वाढणार हे त्या खोलीत मला एकटीला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

दादाचा मुलगा संजय फौजेत आहे, तो कसाबसा पोहोचला. डॉक्टरांनी त्याच्यापुढे हात जोडले. "यांची मूत्रपिंडं पंधरा दिवसांत परत आली असती. मी उशीर केला. माझा अंदाज चुकला." संजयने त्यांची कॉलर धरली. "माजा बाप मारलास तू!" मीच त्याला मागे ओढलं. बायका म्हणाल्या, आत्या किती धीराची. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून सांभाळलं." तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

या गोष्टीला सात आठवडे झाले. संजय डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची म्हणतोय, माझी साक्ष घालणार आहे. ते डॉक्टर हल्ली कुठल्याही तक्त्यावर विश्वास ठेवत नाहीत, स्वतः वाकून पिशवी बघतात, असं इन्चार्ज सांगत होती. बापरे, किती अभिमानाने सांगत होती! चूक त्यांची नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. दादानेही एकदा ठेवला होता, आणि दुसऱ्यांदा, मी खरं बोलत होते तेव्हा, ठेवला नाही.

दादाची एक सवय होती. रविवारी पेपरची ही पुरवणी, जिच्यासाठी मी हे लिहितेय, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची आणि मला फोन करून नावं ठेवायची. आता संजय तिकडे पलटणीत मोबाइलवर वाचतो आणि बापाच्याच आवाजात विचारतो, "आत्ये, वाचलंस का गं?" येत्या रविवारी तो हे वाचेल. फोन आला तर मी उचलणार आहे.