शंभराला तीन कमी

"अगं, लिही म्हणते ना! तीन नावांनी काय तुझ्या पेनातली शाई संपणारेय?"

"काल रात्री कुठे झोपले होते ते, सेवास्ती? तेवढं सांग."

"माझ्या पोटी जन्मले, याच अंगणात गुडघे फोडून घेतले. ते लिंबाचं झाड थोरल्यानं लावलंय! आणखी काय पुरावा हवा तुला?"

"झाडं मोजायला नाही पाठवलं मला."

थेमेलीना उंबऱ्यातच उभी होती. बगलेत शिरगणतीचे कागद, एक हात चष्म्यावर. वारा इतका, की चष्मा सोडला असता तर थेट समोरच्या तुर्की किनाऱ्यावर गेला असता. सकाळपासून सगळं बेट पालथं घालून झालं होतं, आणि शेवटचं घर नेमकं सेवास्तीचं, बालमैत्रिणीचं.

दर दहा वर्षांनी हा रविवार यायचा. आदल्या रात्री जो जिथे झोपला तो तिथला. म्हणून ग्रीसच्या पिरेयस बंदरात आणि ऱ्होड्सला पोटापाण्यासाठी गेलेली माणसं रजा काढून, लेकरं काखोटीला मारून गावी यायची. आपण नाही मोजलो तर गाव कागदावरून उडेल, ही धास्ती. समुद्रातले स्पंज संपले, ते काढणारे पाणबुडे गेले; आता मध, शेळ्या आणि उन्हाळ्यातले भाडेकरू यांवर बेट तग धरून होतं. बारा महिने राहणारे त्रेपन्न. शुक्रवारच्या बोटीनं आले चव्वेचाळीस. शनिवारची बोट वाऱ्यामुळे सुटलीच नाही, आणि सेवास्तीचे तिघे मुलगे पिरेयसच्या धक्क्यावर बोचकी घेऊन बसून राहिले.

वरून निरोप आला होता: शंभराच्या खाली गेलात तर तुमची कचेरी बंद, कारभार मोठ्या बेटावरून.

कचेरी म्हणजे एक खोली, एक शिक्का आणि थेमेलीना. पाणबुड्याची पोर. बेटावर टाइपरायटर आला तेव्हा त्याला हात लावायला न घाबरलेली ती एकटीच, म्हणून खुर्ची तिला मिळाली. त्याला एकतीस वर्षं झाली. लग्नाला होकार द्यायला तिनं चार वर्षं लावली, पण कुणाचा दाखला चौथ्या दिवसावर जाऊ दिला नाही. एकदा म्हाताऱ्या आनेझिनाच्या पेन्शनवरून ऱ्होड्सच्या साहेबानं शंका काढली, तर शेजारचा कारकून म्हणाला, "थेमेलीनाचा शिक्का आहे ना? मग काय विचारायचं!" हे वाक्य तिनं घरी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी मासळी जरा जास्तच घेतली होती.

आज सकाळी सगळ्यांनीच तिची परीक्षा पाहिली. पाद्रीबाबांची सून पोटावर हात ठेवून म्हणाली, "काकी, मला दोन धरा हं."

"तो अजून प्रवासात आहे, बाळा. उतरला की धरू."

कॉफीच्या दुकानात सरपंच साकेलारिस यांनी आवाज खाली आणला. "बाई, माणूस चुकतो. घाईत एखादा आकडा वरखाली होतोच की."

"होतो ना सरपंच. मागल्या निवडणुकीत तुमची मतं मोजताना झाला असता तर?"

सगळं दुकान हसलं. सरपंचांनी कॉफीत तोंड घातलं.

पण सेवास्तीपुढे असले टोमणे चालेनात. तिनं थेमेलीनाचा हात धरून आत ओढलं. तीन पलंग मांडलेले, इस्त्रीच्या चादरी. चुलीवर द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, सहज बारा जणांना पुरेल एवढा.

"बघ! झोपले होते. उठून शेळ्यांकडे गेलेत."

थेमेलीनानं चादरीवरून हात फिरवला. घडीच्या रेघा जशाच्या तशा.

"उशीवर केसही नाही गं."

"टकले आहेत तिघेही, बापावर गेलेत!"

दोघी खो खो हसल्या. हसता हसता सेवास्ती पलंगावर बसली आणि पहिल्यांदाच त्या घडीवर सुरकुती पडली.

"निघाले होते गं ते," ती म्हणाली. "तिकिटं काढली होती. वाऱ्यानं अडवलं, त्यात पोरांचा काय दोष?"

"काहीच नाही."

"मग लिही."

"लिहिलं तर उद्या माझा शिक्का बघून लोक विचारतील, हा खरा की तसला?"

"शिक्काच राहणार नाही, तर त्याची अब्रू घेऊन काय करतेस?"

सेवास्तीचंच खरं होतं, आणि खुर्ची तर तिची स्वतःचीच जाणार होती. थेमेलीनानं कागद गुडघ्यावर ठेवला. घरातली माणसं, या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं. शाईचा एक बारीक ठिपका पसरला. मग त्या ठिपक्यातूनच तिनं एक रेघ खाली ओढली. एक. खाली सही केली, तारीख घातली.

"एकच?" सेवास्ती ताडकन उठली. "सत्त्याण्णव? अगं, उद्या एका दाखल्यासाठी या गुडघ्यांनी मी बोटीत चढू? वारा सुटला की आठ आठ दिवस तिकडे अडकून पडू? आणि तू काय करशील गं घरी बसून? बोल ना!"

थेमेलीनानं पेनाला टोपण लावलं, कागद छातीशी धरले आणि उंबरा ओलांडून वाऱ्यात चालू लागली.