जपानला पाठवणारे सर

गंजावर जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका कॉलेजातला माझा विभागप्रमुख होता. लोक आरे-वारेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला जात; आमचे सर तिथल्या सुरूच्या झाडांना प्रयोगासाठी टांगलेल्या लोखंडी पट्ट्या किती गंजल्या ते बघायला जात. एखादी पट्टी खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेली दिसली, की मुलगा बोर्डात आल्यासारखा त्यांचा चेहरा फुले. एका लग्नात यजमान जिलबीचा आग्रह करायला आले, तर सर पान सोडून मांडवाचा लोखंडी खांब नखाने खरवडत बसलेले. "पुण्यामुंबईच्या लोकांना असली हवा प्रयोगशाळेत बनवावी लागते," ते सांगत, "आपल्याला देवाने अंगणात दिली आहे."

दोन हजार सालच्या आसपास त्या पट्ट्यांवरचा माझा निबंध जपानमधल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारला. अनुदानासाठी अर्ज केला, तर परिषदेची फी मिळेल, विमानाचं तिकीट मिळणार नाही, असं उत्तर आलं. बाबांचं किराणा दुकान जेमतेम चालायचं, म्हणून मी घरी विषयच काढला नाही. सरांना मात्र नकार ऐकू येत नसे. सायकलच्या कॅरिअरला सगळ्यात गंजकी पट्टी बांधून ते मिरकरवाडा बंदरात बोटवाल्यांच्या बैठकीला पोचले; मला मागून रिक्षाने यायला लावलं. मी पोचले तेव्हा पट्टी हातोहात फिरत होती आणि सर रंगात आले होते. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. आपण कुणापुढे हात पसरतोय, असं मला वाटत होतं.

आखातात नोकरी करून परतलेले, स्वतःची बोट असलेले एक वयस्क चाचा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, ही पोर तिकडे जाऊन सांगणार काय?"

"समुद्र तुमच्या बोटींचं काय करतो, ते."

चाचांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग ही आमच्याच कामाला चालली. आम्ही पाठवू. पण परत आली की इथं जेटीवर आम्हाला समजेल असं सांगायचं."

माझी मान आपोआप वर झाली.

जपानात माझं बोलणं नीट झालं, टाळ्याही मिळाल्या. पण घाम फुटला तो जेटीवर. जाळी बाजूला सारून माणसं क्रेटांवर बसली होती, बाबा दुकान बंद करून आले होते, आणि त्या उकाड्यात सर चक्क लग्नातला कोट घालून उभे होते. माझी ओळख त्यांनी करून द्यायची होती. वर्गात घंटा झाली तरी न थांबणारा हा माणूस कोटाचं बटण लावत पुढे आला. मग एवढंच म्हणाला, "बोल, बाय."

मी बोलले. समुद्राचं पाणी लोखंड कसं खातं ते सांगितलं, चाचांनी रंगाबद्दल विचारलं त्याचं उत्तर दिलं. त्यानंतर आमच्या विभागातून कितीतरी मुलं परदेशी जाऊन आली. प्रत्येकाच्या तिकिटासाठी सर कुणा ना कुणाच्या ओटीवर जाऊन बसले. स्वतः मात्र विमानात कधी चढले नाहीत.

निवृत्तीनंतर ते आंजर्ल्याला गावच्या घरी राहायला गेले. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांना बरंचसं आठवत नव्हतं. मला मात्र त्यांनी ओळखलं, हाताला धरून शेजाऱ्यांच्या अंगणात नेलं आणि म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. फार हुशार आहे. हिला जपानला पाठवायचंय, जरा बघा."

शेजाऱ्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन आले, असं काही मला सांगवेना. "बघू की सर," शेजारी म्हणाले, आणि सर समाधानाने ओटीवर टेकले.