मोटार पिते, माणसं न्हाई

माझे वडील केदारखेड्याहून जालन्याला बाजाराला यायचे, ते स्वतःचं पाणी घेऊन यायचे. पितळेचा फिरकीचा तांब्या, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. मस्तगडात आमच्या ओट्यावर बसायचे, फिरकी उघडायचे, आपलं पाणी प्यायचे, मला "बरी हायेस ना माय?" म्हणायचे आणि उठायचे. चार वर्षं हे असं चाललं. आत माझा रांजण काठोकाठ भरलेला, मी उंबऱ्यात उभी, आणि माझा बाप माझ्याच दारात परगावचं पाणी पिऊन राह्यलाय! शेजारणी टकामका बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझे वडील, आबा, माळकरी. त्यांच्या थोरल्या भावाला दारूनं खाल्लं, तेव्हापासून त्यांनी माळ घातली आणि एक नेम धरला : ज्या घरात दारूचा थेंब असेल त्या घरच्या पाण्याला शिवायचं नाही. माझी सोयरीक जमली तेव्हा त्यांनी हुंडा-मानपानाच्या आधी हेच विचारलं. आमच्या ह्यांनी छातीला हात लावून सांगितलं, "मामा, मी बिलकुल पीत न्हाई." ते खोटं नव्हतं. माणसानं जन्मभर चहाशिवाय काही तोंडाला लावलं नाही. पण म्हणून घरात दारू आली नाही असं नाही. आली. डब्याडब्यानं आली. ती प्यायची मोटार.

हे जिनिंगमध्ये इंजिनावर मिस्त्री होते. निजामाचं राज्य गेल्यावर एका जहागीरदाराची मोडकी मोटार भंगारात निघाली. नुसता सांगाडा आणि इंजिन. बाकी सगळं बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून करून घेतलं, त्यामुळं ती पुढून मोटार आणि मागून छकडा दिसायची. बसायला माझ्या पलंगाची नवार सोडून विणली. मागं जायचा गिअर नव्हताच. वळवायची असली की रस्त्यावरच्या चार माणसांना हाक मारायची आणि सगळ्यांनी मिळून उचलून तोंड फिरवायचं. मस्तगडातल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की आमचा भोंगा ऐकला की माणसं आपोआप बाह्या सारायची.

आता मोटार झाली, पण पेट्रोल कुठून आणायचं? ते चिठ्ठीवर मिळायचं, आणि चिठ्ठी आमच्यासारख्याला कोण देतो! पण ह्यांनी तरुणपणी हैदराबादला बसच्या कारखान्यात काम केलेलं. तिथं मोहाच्या फुलांचं स्पिरिट पेट्रोलात मिसळायचे म्हणे. "सरकारची बस मोहावर चालते, मंग आपली काय नवाबाची लागून गेली?" म्हणाले, आणि घासलेटचे दोन डबे घेऊन सरळ ठेक्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "घरी काय लग्न हाय?"

पण ठेक्याच्या दारूत निम्मं पाणी. मोटार दोन आचके देऊन गप्प बसायची. मंग ती दारू माझ्या तांब्याच्या तपेल्यात परत कढवायची, वाफ नळीतून थंड करायची, आणि पडेल ते बशीत घेऊन काडी लावायची. निळा जाळ होऊन बशी कोरडी ठणठणीत पडली तर ती मोटारीची. बुडाला ओल राहिली तर पुन्हा चुलीवर. मी माळकऱ्याची लेक, एका चुलीवर वरण आणि दुसऱ्या चुलीवर दारू! वरण करपलं तर हे काही बोलायचे नाहीत. दारू करपली तर तोंड फुगवून बसायचे.

थंडीत तिचे जास्तच लाड. सकाळी गार इंजिन काही केल्या पेटायचं नाही, म्हणून आंघोळीचं कढत पाणी आधी तिच्यावर ओतायचं आणि उरलं तर ह्यांनी अंगावर घ्यायचं. एकदा म्हणाले, तुझा कुंकवाचा करंडा दे. मला वाटलं पूजा करायची असेल. कसली पूजा! दारू जिथून इंजिनात जाते तिथं बुचाचा एक तुकडा तरंगतो, त्यावरचा लाखेचा थर दारूनं खाऊन टाकला आणि बूच बुडालं. त्याच्या जागी माझा पितळी करंडा झाळून बंद केला आणि सोडला दारूत तरंगायला. सवाशिणीचा करंडा! मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण मोटार फार छान चालत होती.

गावात ती निघाली की मागं गोड आंबूस वास सुटायचा. गावातले दोन शौकीन रोज संध्याकाळी तिच्या मागं नाक वर करून चालायचे. फुकटात जेवढं मिळेल तेवढं.

आणि एका बाजाराच्या दिवशी आबा आले. हात पाय धुऊन आत आले, मी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी हातही पुढं केला, आणि तेवढ्यात नळीतून थेंब पडल्याचा आवाज झाला. टप. आबांनी वास घेतला. हात मागं घेतला.

"कोण पिऊन राह्यलंय घरात?"

"मोटार," मी म्हणाले.

काय बघितलं त्यांनी माझ्याकडं! लेक इतकं बेशरम खोटं बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तसेच ओट्यावर जाऊन बसले. पुढच्या बाजारापासून तो फिरकीचा तांब्या सुरू झाला.

मी ह्यांच्याशी भांडले, रडले, डबे फेकते म्हणाले. हे म्हणायचे, "अगं, ती पिते कुठं? ती जाळते." मी म्हणाले, मंग हे आबांना समजावा. समजावलं की! ओट्यावर खडूनं इंजिनाचं चित्र काढून तासभर समजावलं. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजलं जावईबापू. पण घरात हाये ना?" ह्यांनी चित्र पायानं पुसलं.

अशी चार वर्षं गेली. मंग आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि मागोमाग दारूबंदी आली. ठेक्याचं दुकान बंद झालं. आमच्या घरी दीड डबा शिल्लक होता. मी मनातून खूश. पण हे तो दीड डबा जिवापाड जपू लागले, मोटार दारात झाकून ठेवली आणि थेंबथेंब वापरायचं ठरवलं.

वैशाखातल्या बाजाराच्या दिवशी दारूबंदीचा जमादार दारात उभा राहिला. आबा तेव्हा ओट्यावर आपलं पाणी पीत होते. जमादारानं डबे बाहेर काढले, कागद काढला आणि विचारलं, "पिणाऱ्याचं नाव?"

"मोटार," हे म्हणाले.

"हे बघा मिस्त्री, मस्करी करू नका. इथं नाव लिहावं लागतं."

"मंग लिहा ना. राहणार मस्तगड, जालना."

जमादाराच्या कपाळाला घाम फुटला. डबे कचेरीत न्यावे, तर मागच्या खेपेला असेच जप्तीचे डबे वाटेत हलके झाले होते आणि बालंट त्याच्यावर आलं होतं. इथंच नालीत ओतावे, तर नाली मारुतीच्या देवळापुढून जाते, गल्लीतले लोक काठ्या घेऊन उभे राहिले. शेवटी म्हणाला, पंचांसमोर जाळून टाकू.

"जाळायचीच हाये ना?" हे एकदम पुढं झाले. "मंग मोटारीत जाळा!"

जमादाराला भोकरदनकडं जायचंच होतं, बसची वाट बघून राह्यलेला. त्याला ते कायद्यात बसल्यासारखं वाटलं. अट एकच : टाकी कोरडी होईस्तोवर, इंजिनाला पाणी घालण्यापुरती सोडली तर, मोटार थांबवायची नाही, आणि पंच सोबत पाहिजे. आमच्या शेजारचे कारकून पंच म्हणून आले, मोटारीकडं बघितलं, म्हणाले, "मी पाहिलं असं समजा," आणि कोऱ्या कागदावर सही करून कचेरीला गेले. राहिला ओट्यावरचा माळकरी. त्याच्याइतका भरवशाचा पंच साऱ्या जालन्यात मिळाला नसता.

आबा उठले. चार वर्षं ज्या दारूपायी ते माझ्या घरचं पाणी प्यायले नाहीत, ती संपताना डोळ्यांनी बघायला मिळत होती. मी पदर खोचला. "जाळायचीच तर माझ्या माहेरच्या वाटेवर जाळा. मी बी येते." इंजिनाला घालायला पाण्याच्या दोन कळशा घेतल्या, आणि माझ्या रांजणातलं पाणी एका तांब्यात, वर वाटी झाकून. तो तांब्या मी मांडीत धरला. कशासाठी घेतला ते मी कोणाला सांगितलं नाही.

दीडच्या दीड डबा टाकीत ओतला. पुढं हे आणि जमादार, मागं मी आणि आबा. आबांच्या हातात जमादारानं कडब्याचं धांड दिलेलं, टाकीत बुडवून किती राह्यली ते मोजायला. दर कोसाला मोटार हळू करायची, आबा एका हातानं गळ्यातली माळ छातीशी घट्ट दाबून धरायचे, तोंडानं "राम राम राम" म्हणायचे आणि दुसऱ्या हातानं धांड बुडवायचे.

"किती, मामा?" हे विचारायचे.

"एक वीत चार बोटं."

पहिल्यांदा आबांचा आवाज किळसेचा होता. राजूर मागं पडलं तेव्हा तो माणूस पार बदलून गेल्ता. "चार बोटं! जावईबापू, जरा जल्दी हाणा!" चढ आला की खूश, कारण चढाला जास्त जळते. उतार आला की तोंड पाडायचे. एका उतारावर तर म्हणाले, "हिला ब्रेक लावून चालवता येत न्हाई का?" आणि पुढं बसलेल्या आमच्या ह्यांचा चेहरा बोटाबोटानं सुकत चालला होता. एकाच मोटारीत एक माणूस सुतकात आणि एक लग्नात.

ऊन असं, की लाकडाला हात लावला तर चटका. इंजिन दर थोड्या वेळानं फसफसायचं आणि मी कळशीतलं पाणी घालायची. जमादारही त्यातलंच ओंजळीनं प्यायचा. आबा आपल्या फिरकीतलं घोट घोट. मी दोनदा माझा तांब्या पुढं केला. त्यांनी दोनदा नुसती मान हलवली आणि धांडाकडं बोट दाखवलं. अजून दोन बोटं होती.

केदारखेडा दिसू लागलं आणि इंजिनानं वाफ सोडली. कळशा उपड्या करून बघितल्या. थेंब नाही. हे माझ्या मांडीतल्या तांब्याकडं बघू लागले.

"आण ते इकडं."

"हात तर लावून बघा!" मी ओरडले. जमादार दचकून खाली उतरला.

"अगं, पाण्याशिवाय इंजिन फुटंल! टाकीत बोटभर हाये अजून!"

"फुटू द्या! चार वर्षं तिला पाजलं, माझं पाणी बी तिलाच पाजायचं का?" मी रडत होते आणि शिव्याही देत होते, मोटारीला, जमादाराला, मुंबई राज्याला.

"ते राहू द्या, जावईबापू," आबा म्हणाले. ते खाली उतरले. आपल्या तांब्याची फिरकी काढली. त्यात निम्म्याच्या वर पाणी होतं, जपून प्यायलेलं. ते सगळं त्यांनी इंजिनात ओतलं. तांब्या उलटा करून झटकलासुद्धा.

मोटार निघाली. पुलाच्या अलीकडं आबांचं शेत, रस्त्याला लागूनच. तिथं बाभळीखाली आली आणि दोन आचके देऊन थांबली. आबांनी धांड टाकीत घातलं, चहूकडून फिरवलं, बाहेर काढून नाकाशी नेलं. कोरडं.

"लिहा," ते जमादाराला म्हणाले. "समदी मोटारीनं पिली. माणसं कोणी न्हाई." आणि सही केली. ह्यांनी स्टेअरिंगवर डोकं ठेवलं.

समोर पन्नास पावलांवर आबांची विहीर. गड्यानं मोट धरलेली, गार पाणी पाटानं खळखळ वाहात होतं, इथवर आवाज येत होता. आबांचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, आता हे तिकडं जाणार. जातील नाहीतर काय करतील, तहानेलं माणूस!

ते बाभळीच्या मुळीवर टेकले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली.

"आण माय तुझं पाणी."

मी तांब्या घेऊन धावले, घाईत वाटी खाली पडली. ते पाणी मांडीत तापून आंघोळीच्या पाण्यासारखं झालं होतं. आबांनी सगळा तांब्या संपवला. मध्ये एकदा थांबले, "ऊन झालंय," म्हणाले, आणि परत ओंजळ केली.

"अजून हाये का?"

"न्हाई आबा. संपलं."

"मंग पुढल्या बाजारी भरून ठेव."

मोटार त्यांच्याच बैलांनी ओढून गोठ्याशी नेली. ती परत कधी चालली नाही. ह्यांनी माझा करंडा झाळ काढून परत दिला, त्याला वर्षभर वास येत होता. आबांचा फिरकीचा तांब्या मोटारीतच राह्यला होता. दोन बाजार झाल्यावर मी त्यांना आठवण करून दिली.

"राहू दे तिथंच," ते पाणी पिता पिता म्हणाले. "मला काय करायचाय आता?"