ओल कधीची?

दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून आम्ही गोत्रीच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो, तेव्हा बाबांनी हौसेने घराचा विमा उतरवला. शेजाऱ्यांना गंमत वाटली. दुकानाचा विमा ते समजू शकत होते. पण बाबांचे आजोबा संस्थानाच्या कचेरीत होते आणि कायदा आपल्या रक्तातच आहे, अशी बाबांची समजूत होती.

एकदा मे महिन्यात आम्ही लग्नासाठी सुरतेला गेलो. परत येऊन दार उघडलं तर घरभर पाणी. स्वयंपाकघरात सिंकखालचा पाईप फुटला होता. फ्रीज बंद पडला होता, सोफा भिजून फुगला होता. आई कपाळाला हात लावून उभी राहिली. बाबांचा चेहरा मात्र, खोटं कशाला बोलू, जरा उजळला.

"कुणी काही हलवू नका," ते म्हणाले. "आधी सर्व्हेअर बघून जाऊ दे."

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. मवाळ गृहस्थ. आईने त्याला चहा दिला, पुढे चिवडा ठेवला. हॉलच्या भिंतीवरचा डाग बघत त्याने सहज विचारलं, "बेन, आ भेज क्यारनो छे?"

"ही ओल होय? दिवाळीपासूनची," आई म्हणाली. "ह्यांना किती वेळा सांगितलं."

बाबा खोकले, पण फार उशिरा.

क्लेम नामंजूर झाला. विमा अचानक फुटलेल्या पाईपचा, हळूहळू मुरलेल्या पाण्याचा नव्हे, असं कंपनीचं म्हणणं.

"अगं, तो पाहुणा नव्हता," बाबा म्हणाले.

"मग काय, त्याच्याशी खोटं बोलायचं?"

त्यानंतर बाबा विमा कंपनीच्या शाखेत खेटे घालू लागले. घरी आरशासमोर 'अचानक' या शब्दाची व्याख्या करून दाखवत. शाखेत त्यांना चहा मिळे आणि नकार मिळे. शेवटी वरच्या साहेबांनी सुनावणी ठेवली. बाबांचा बेत आईला घरी ठेवण्याचा होता.

"माझ्यामुळे बिघडलं ना? मग मी येणार," असं म्हणून ती साडी बदलून दारात उभी राहिली. मीही मागोमाग गेले.

बाबांचं भाषण लांबलं. साहेबांनी दोन जांभया दाबल्या आणि आईकडे वळून विचारलं, "बेन, ओल दिवाळीपासूनची, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"हो. हॉलच्या भिंतीची. वरच्यांचं बाथरूम गळतं. पाईप फुटला तो स्वयंपाकघरात, आम्ही लग्नाला गेलो तेव्हा. त्याचं तुमच्या माणसाने विचारलंच नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि भिंतीच्या रंगाचा खर्च काढून टाका. तो ह्यांनी उगाच घातलाय."

बाबा छताकडे बघू लागले. साहेब हसले.

"काका, बेनना पहिल्यांदाच आणायचं ना," ते म्हणाले. मग त्यांनी पाईपचं कलम पुन्हा वाचलं आणि रंग वगळून बाकीचा क्लेम मंजूर केला.



"रंगाचं सांगायची काही गरज नव्हती," रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले.

"बरं," आई म्हणाली.

मांडवीजवळ त्यांनी रिक्षा थांबवली आणि आम्हाला सेव-उसळ खायला नेलं. आईची प्लेट आली तेव्हा तिला विचारून तिखट रस्सा त्यांनी स्वतः वाढून आणला. तेवढ्यात सोसायटीतले एक ओळखीचे भेटले. त्यांना बाबा 'अचानक' म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. आई खात राहिली.