किटलीच्या वाक्याचा मालक

एखादं वाक्य मुळात कोणाचं, हे कळल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही असा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो आमच्या तर्जुम्याच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सगळे त्यांना काका म्हणत. सरकारी हुकूम उर्दूतून मराठीत आणणं हे त्यांचं पोटाचं काम. जीव मात्र रशियन भाषेत. बेगम बाजारात मसाल्याच्या पुड्या बांधायच्या रद्दीत त्यांना एक रशियन पुस्तक सापडलं, आणि ते वाचता यावं एवढ्यासाठी ते ती भाषा शिकले. रशियन माणसं म्हणे भांडतानासुद्धा नाटकांतली, बोधकथांतली वाक्यं फेकतात आणि ती लिहिली कोणी हे साफ विसरतात. काकांना हे सहन होत नसे. त्यांनी त्यासाठी वहीच केली होती: डावीकडे वाक्य, उजवीकडे मालक. एका वाक्याचा उगम चार महिन्यांनी एका जुन्या प्रहसनात सापडला, तेव्हा त्यांनी कचेरीत जिलबी वाटली. मुलीचं लग्न ठरलं समजून आम्ही अभिनंदन केलं. "लग्नं काय, ठरतातच," ते म्हणाले.

पुढं छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. कोण मुंबई राज्यात, कोण म्हैसूरकडे, कोण इथंच, याच्या याद्या लागल्या. यादी वाचून काका मला हळूच म्हणाले, "राज्याचे तीन तुकडे झाले, पण चहा अजून एकाच किटलीतून येतोय."

निरोपसमारंभात मी ते वाक्य माझ्या भाषणात घातलं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए.; बापाला सही येत नव्हती. साहेबांपुढं माझं बोलणं गाजावं, एवढीच हाव. हशा पिकला. साहेब म्हणाले, "क्या बात बोले मियाँ. किसका जुमला है?"

काका मागच्या रांगेत बसले होते. मी म्हणालो, "मेराच है, साब."

दुसऱ्या दिवशी काकांनी वही उघडून माझ्यापुढं सरकवली. डावीकडे किटलीचं वाक्य. उजवीकडे माझं नाव, बी.ए.सकट. "पहिल्यांदाच मालक जिवंत भेटला," ते म्हणाले. टोमणा होता की माया, मला आजही ठरवता येत नाही. 'खोडा ते' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आठवड्याभरात सिकंदराबादहून गाडीत बसून ते मुंबईला गेले, वहीसकट.

मी हैदराबादेतच राहिलो. इथं हिमायतनगरात जुनी मंडळी अजून ते वाक्य म्हणतात आणि माझ्याकडे बघून हसतात. "माझं नाही, आमच्या काकांचं," मी सांगतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. काकांच्या अख्ख्या वहीत चुकीची नोंद ती एवढीच.